माझं काही म्हणणं नाही

टेबलाच्या अगदी टोकाला बसलेली मुलगी म्हणाली, “माझं काही म्हणणं नाही, सर. सगळं छान आहे,” आणि त्याच्या हातातलं पेन थबकलं. थबकण्यासारखं त्यात खरं तर काहीच नव्हतं. तिच्या आधी बोललेल्या साऱ्या मुलांनीही तेच सांगितलं होतं आणि जरा जास्तच रंगवून सांगितलं होतं: ग्रंथालय छान, शिक्षक छान, कँटीन छान, लिफ्टसुद्धा छान. पण त्या मुलीने ते शब्द ज्या पद्धतीने उच्चारले, ती पद्धत त्याने सकाळीच ऐकली होती; आवाज वेगळा, वय वेगळं, चाल मात्र तीच. दुसऱ्याच्या घरात काचेचं भांडं खाली ठेवताना माणूस जसा आवाज होऊ न देता, हात शेवटपर्यंत न सोडता ठेवतो, तसं तिने ते वाक्य टेबलावर ठेवलं होतं. सकाळी स्वयंपाकघरात त्याने नव्या फ्लॅटचा नकाशा उलगडला होता. कोपरे वळू नयेत म्हणून एका बाजूला मिठाची बरणी, दुसऱ्या बाजूला स्वतःचा चष्मा. बायको डबा भरत होती. ओल्या बोटांचा डाग पडू नये म्हणून तिने हात पाठीमागे घेतले, वाकून नकाशा पाहिला आणि म्हणाली, “छान आहे. माझं काही म्हणणं नाही.” मग डब्याचं झाकण लावलं. झाकण बसल्याचा आवाज झाला तेव्हा त्याला बरं वाटलं होतं; एक काम मार्गी लागलं, असं. आता एका खाजगी विद्यापीठाच्या चौथ्या मजल्यावरच्या या गालिचा घातलेल्या खोलीत त्याला सकाळच्या त्या बरं वाटण्याचीच शंका आली. शेजारी बसलेल्या अध्यक्षांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान खाली घालून लिहिलं: तक्रार नाही.

त्याला सगळे काटा सर म्हणत. तराजूचा काटा. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका मुलाच्या अर्ध्या गुणासाठी त्याने सगळ्या वर्गाचे पेपर पुन्हा तपासले होते, तेव्हापासून हे नाव चिकटलं आणि पुढे त्याला ते आवडूही लागलं. तो संख्याशास्त्र शिकवायचा. पण त्याचं नाव झालं ते विद्यापीठं मोजण्यामुळे. एखादं विद्यापीठ किती मोठं, किती जुनं, कुणाकुणाचे फोटो तिथे भिंतीवर आहेत, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. त्यात किती घातलं आणि त्यातून किती निघालं, एवढंच तो पाहायचा. शिक्षक, खोल्या, पुस्तकं, खर्च हे घातलेलं. पास झालेली मुलं, त्यांना लागलेल्या नोकऱ्या, छापून आलेले निबंध आणि विद्यार्थ्यांचं समाधान हे निघालेलं. सगळ्यांत कमी घालून सगळ्यांत जास्त काढणारं विद्यापीठ शोधायचं आणि बाकीच्यांना त्याच्याशेजारी उभं करून कोण किती बुटकं ते सांगायचं. यातलं समाधान मोजण्याची युक्ती त्याची स्वतःची होती. समाधानी आहात का असं विचारलं, की माणसं तोंडदेखलं हो म्हणतात. तक्रार करायला मात्र कष्ट पडतात, उठून कुठेतरी जावं लागतं, म्हणून तक्रारी मोजाव्यात. जितक्या कमी, तितका कारभार चांगला. तरुणपणी एका निबंधात मांडलेली ही गोष्ट लोकांनी उचलून धरली आणि बघता बघता ती काटा पद्धत म्हणून सरकारी परिपत्रकात जाऊन बसली.

या खेपेला समितीत तिघं होते. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त कुलगुरू, बोलायला मृदू, कुठल्याही बैठकीत बसल्या बसल्या डुलकी काढून नेमक्या वेळी जागे होणारे, दुसऱ्या, व्यवस्थापन शिकवणाऱ्या एक बाई, कामाला वाघ, आणि तो. शहरात दोन विद्यापीठं होती, एक सरकारी, एक खाजगी. सरकारी विद्यापीठ संध्याकाळची शाखा चालवायचं. दिवसभर दुकानात, दवाखान्यात, बसच्या चाकामागे राबणारी माणसं तिथे येऊन पदवी घेत. ती शाखा तशीच ठेवायची की चालवायला खाजगी विद्यापीठाकडे सोपवायची, हा सरकारपुढचा प्रश्न होता आणि कोणाचा कारभार सरस ते मोजून सांगा, हे समितीचं काम. खाजगीकडे गेली की फी वाढणार, हे न सांगताही सगळ्यांना कळत होतं. पण तो प्रश्न समितीच्या पुढ्यात नव्हता.

विद्यार्थ्यांशी बोलणं संपलं आणि इमारत दाखवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. जनसंपर्क अधिकारी पुढे चालत मागे बघत बोलत होता. तो स्वतः सगळ्यांच्या मागे राहिला. काचेच्या भिंतींमागे मुलं बसलेली होती, पडद्यावर आलेख हलत होते, कुठेही कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. त्याच्या मनात मात्र एक वेगळाच प्रश्न घोळत होता: बायको त्याच्याशी शेवटचं कधी भांडली? सुरुवातीला ती भांडायची, आणि अशी तशी नाही, कंबर कसून. लग्नानंतर ते एका छापखान्याच्या वरच्या दोन खोल्यांत राहत. खाली यंत्रं सुरू असली की जमीन थरथरायची आणि तिला त्या आवाजावर आवाज चढवून भांडावं लागे. यंत्रं थांबली की तिचं अर्धं वाक्य अख्ख्या गल्लीला ऐकू जायचं. कारणं काहीही. तो जेवताना वाचतो. तिने सांगितलेलं तिच्या बहिणीला परस्पर सांगतो. कोणी घरी आलं की तिच्या वाटचंही स्वतःच बोलतो. एकदा तर फरशी पुसून झाल्यावर तिने बादली दारातच ठेवली, मुद्दाम, तो उचलतो का ते पाहायला. तो दोन दिवस ती ओलांडून ये-जा करत राहिला. त्याला वाटलं, तिची तिथे काही सोय असेल. लेक तेव्हा नुकती चालायला लागलेली, ती बादलीला धरून उभी राहायची. तिसऱ्या दिवशी जे भांडण झालं, त्यानंतर त्याने शांतपणे कागद घेऊन घरातली कामं वाटून टाकली, कुठलं कुणी, कुठल्या वारी. तिने तो कागद बराच वेळ पाहिला. बादलीवरून पुन्हा कधी भांडण झालं नाही. तो असाच एकेक कारण हुडकून काढायचा आणि दूर करायचा, एखादं गणित सोडवावं तसं. जेवताना वाचणं सोडलं. बहिणीला सांगणं सोडलं. भांडणं कमी होत गेली, मग बंद झाली. नेमकी कधी, ते आता आठवत नव्हतं, आणि आठवत नाही याचं त्याला नवल वाटलं. कुठल्याही आलेखावर रेष कुठे वळली ते बोट ठेवून सांगणारा माणूस तो. ही रेष कुठे वळली, तिथे त्याचं लक्षच नव्हतं. मित्र थट्टेत म्हणत, तुमचा संसार चांगला मुरला बुवा. त्यालाही तसंच वाटायचं.

जिन्यापाशी ती मुलगी दिसली. पाठीवर पिशवी, कानात घालायची वायर हातात गुंडाळलेली. समितीतल्या माणसाने असं एकट्याने विद्यार्थ्यांना गाठायचं नसतं, हे त्याला माहीत होतं. तरी तो थांबला. तिनेही थांबून अंग चोरलं, आता आपलं काय चुकलं अशा चेहऱ्याने. त्याने तिला सांगितलं की काही विशेष नाही, एकच विचारायचं आहे, नाव वगैरे नको. मग म्हणाला, “समज, उद्या तुला काही तक्रार करावीशी वाटली, तर कुणाला सांगशील?”

तिला हा प्रश्न सोपा वाटला असावा, कारण ती लगेच तोंड उघडून काही सांगायला गेली आणि मग तशीच राहिली. जिन्यावरून दोघंतिघं उतरून गेले. ती विचार करत होती, अगदी प्रामाणिकपणे. परीक्षेत आपल्याला येणारंच उत्तर ऐनवेळी सापडू नये तशी. शेवटी म्हणाली, “आईला.”

“आणि आई काय म्हणेल?”

“म्हणते ना. म्हणते, चार वर्षं काढ कशीतरी, मग सुटलीस.”

बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं आणि तिने घाईघाईने पुस्ती जोडली की तसं काही नाही हं सर, सगळं छान आहे. तो हो हो म्हणाला. ती जिना उतरून गेली. खालच्या मजल्यावरून जनसंपर्क अधिकाऱ्याचा त्याला शोधणारा आवाज आला.

त्या संध्याकाळी घरी त्याने बायकोला विचारायचं ठरवलं, पण विचारायचं काय आणि कसं हे त्याला जमेना. ती शहराला पाणी पुरवणाऱ्या खात्याच्या प्रयोगशाळेत होती. रोज निरनिराळ्या भागांतून आलेल्या बाटल्यांतलं पाणी तपासायची आणि घरी आली की तासभर पाय वर करून, डोळे मिटून पडायची. तो समोरच्या खुर्चीत बसला. प्रयोगशाळेत कसं चाललंय, पाठ कशी आहे, त्या नव्या फ्लॅटमध्ये तुला काही बदल हवेत का, असं एकापाठोपाठ एक विचारत गेला. ती डोळे न उघडता ठीक, बरी, नाही अशी उत्तरं देत होती. मग तिने एक डोळा उघडला. “एक ते पाचमध्ये सांगायचं का?” म्हणाली आणि हसली. तोही हसला. हसताना त्याला जाणवलं की ही तिची थट्टा जुनी आहे, आपण मात्र ती आज पहिल्यांदा ऐकतो आहोत. थोड्या वेळाने लेकीचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात असते. तिच्याच घराजवळ तो फ्लॅट घेतलेला, त्याच्या निवृत्तीनंतर तिथे राहायला जायचं म्हणून. मायलेकी पडद्यांच्या रंगाबद्दल बोलल्या. लेक म्हणेल त्या रंगाला बायको हो म्हणत होती. एखाद्या परक्याच्या घराचे पडदे ठरवायला मदत करावी, तितक्या गोडीने आणि तितक्याच लांबून.

दुसऱ्या दिवशी समिती सरकारी विद्यापीठात गेली. दुपार कलली होती, कारण संध्याकाळची शाखा पाहायची होती. इमारत जुनी, उंच छताची. पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या. कुलसचिव दारातच उभे होते आणि त्यांनी सुरुवातच माफीने केली: रंगकाम व्हायचं आहे, लिफ्टचा भाग मागवला आहे. विद्यार्थ्यांसाठी एक वर्ग मोकळा ठेवला होता. बोलावले होते मोजके, आले खंडीभर. कामावरून थेट आलेली माणसं. कुणाच्या अंगावर पेट्रोल पंपाचा शर्ट, कुणाच्या हातात हेल्मेट, एक परिचारिका गणवेशातच. अध्यक्षांनी आपल्या मृदू आवाजात स्वागत केलं आणि काही अडचणी असल्यास मोकळेपणाने सांगा, असं नेहमीचं वाक्य म्हटलं. त्यानंतर त्यांना बोलायला मिळालं नाही.

ग्रंथालय वर्ग सुरू व्हायच्या आधीच बंद होतं, मग आम्ही पुस्तकं काय स्वप्नात वाचायची, असं एकाने विचारलं. दुसऱ्याने त्याला दुरुस्त केलं की हल्ली तासभर उशिरा बंद होतं, दोन वर्षं मागे लागल्यावर तेवढा एक तास मिळाला. अर्थशास्त्राचे सर अजून त्यांच्या तरुणपणीच्या नोट्स सांगतात, त्यातले निम्मे देश आता नकाशावर नाहीत. निकाल उशिरा लागतात. मागच्या बाकांवर दिव्यांचा उजेड पोचत नाही. परिचारिका उठून म्हणाली की रात्रपाळी असणाऱ्यांना हजेरीत सूट मिळते ती कागदावरच, प्रत्यक्षात प्रत्येक वेळी भांडावं लागतं; यावर पंपवाला म्हणाला, तुला भांडावं लागतं, पण मिळते तरी. त्यावरून त्या दोघांचीच जुंपली. एक वयस्कर विद्यार्थी, केस पांढरे, बसचा वाहक असावा, मधेच उभा राहिला आणि अध्यक्षांकडे बोट करून म्हणाला, “तुम्ही मागेही आला होता. तेव्हाही आम्ही हेच सांगितलं होतं. तेव्हा तुम्ही झोपला होता.” वर्गात हशा पिकला. अध्यक्षही हसले, कारण ते खरं होतं. कुलसचिव भिंतीला टेकून उभे होते. आपल्या घरातले जुने कपडे पाहुण्यांसमोर वाळत घातलेले पाहावेत, तसा त्यांचा चेहरा झाला होता. व्यवस्थापनाच्या बाई भराभर लिहीत होत्या आणि त्यांच्या लिहिण्याच्या वेगावरून त्याला कळत होतं की या विद्यापीठाचं काही खरं नाही.

गोंधळ जरा ओसरल्यावर त्याने तोच प्रश्न विचारला, जिन्यात विचारलेला. तक्रार असली तर तुम्ही कुणाला सांगता? आणि उत्तराला क्षणाचाही उशीर झाला नाही. विभागप्रमुखांना, एक म्हणाली. छे, त्या ऐकतात पण करत काही नाहीत, कार्यालयातल्या बाईंना सांगायचं, त्यांना सगळ्या वाटा माहीत. संघटनेला. परीक्षा विभागातल्या टकल्या साहेबांना, पण जेवणाच्या सुट्टीनंतर. कुलगुरूंची गाडी अडवायची, पंपवाला म्हणाला, आम्ही एकदा अडवली; ते उतरले, आमच्याबरोबर पायऱ्यांवर बसले. मग काय झालं? मग काय, वैतागले, पण दिवे बसले. मागच्या बाकांचे राहिले. माणसं हसत होती, एकमेकांचं तोडत होती, आणि त्या सगळ्या तक्रारींतून त्याला एक गोष्ट स्वच्छ दिसत गेली: ही जागा यांना आपली वाटत होती. आपली वाटत होती म्हणून तिच्यावर रागावता येत होतं. ज्या घरात आपलं काही चालणार नाही हे ठाऊक असतं, तिथे माणूस पाहुण्यासारखा वागतो. जे वाढतील ते खातो आणि छान झालंय म्हणतो. हा विचार इतका साधा होता की आयुष्यभर तो आपल्याला कसा सुचला नाही, याची त्याला लाज वाटण्याऐवजी गंमतच वाटली. मग गंमत ओसरली. सकाळी बायको निघताना पायांत चपला सरकवत म्हणाली होती की डबा टेबलावर आहे. छान होता डबा, असं घरी गेल्यावर तो म्हणणार होता. तोही तेच म्हणत आला होता.

आकडेमोड झाली तेव्हा निकाल त्याला आधीच ठाऊक होता. त्याच्या पद्धतीने खाजगी विद्यापीठ जवळजवळ पूर्ण एकावर, म्हणजे सगळ्यांत वरच्या गुणावर, उभं होतं आणि सरकारी त्याच्या कमरेला लागत होतं. त्याने तक्रारींचा भाग काढून पाहिला, आणि दोघांतलं अंतर एवढं घटलं की डोळे बारीक करून बघावं लागावं. इतर बाबतीत सरकारी विद्यापीठ कमी खर्चात बरंच काही काढत होतं. निकाल उशिरा लागायचे, पण लागायचे, आणि पास झालेली माणसं नोकरीत वर चढायची. त्याला खाली ओढत होता तो एकटा त्याचा स्वतःचा स्तंभ. तो बराच वेळ पडद्यासमोर बसला. आपण लिहिलेला तो तरुणपणीचा निबंध कपाटातून काढून वाचावा असं त्याला वाटलं, पण तो उठला नाही. त्यातलं प्रत्येक वाक्य पाठ होतं. बरोबर होतं ते सगळं. तक्रार करायला कष्ट पडतात, हेही बरोबर होतं. ते कष्ट माणूस कुणासाठी घेतो, एवढंच त्याने विचारलं नव्हतं. बादली दारात ठेवून दोन दिवस वाट पाहायलाही कष्टच पडले असणार.

समितीची शेवटची बैठक शिक्षण खात्याच्या मुख्य कार्यालयातल्या एका लहान खोलीत झाली. त्याने आपलं म्हणणं मांडलं: तक्रारींची संख्या धरू नये, धरायचंच असेल तर तक्रार कुणाला सांगायची हे विद्यार्थ्याला ठाऊक आहे का आणि सांगितल्यावर काही हललं का, हे पाहावं, त्या मापाने पाहिलं तर चित्र उलटं होतं. व्यवस्थापनाच्या बाईंना ते मुळीच पटलं नाही. त्यांनी रोखठोक विचारलं की मग उद्या जिथे गोंधळ जास्त तिथला कारभार चांगला, असं म्हणायचं का. आणि इतकी वर्षं देशभर वापरलेली पद्धत ऐन निकालाच्या वेळी चूक ठरवायची, तीही ज्याने शोधली त्यानेच, यावर लोक काय म्हणतील. त्यांचं बोलणं खोटं नव्हतं. गोंधळ म्हणजे कारभार नव्हे, हे त्यालाही मान्य होतं. तो म्हणाला की शांतता म्हणजेही नव्हे. अध्यक्ष डोळे मिटून ऐकत होते. सगळं बोलून झाल्यावर त्यांनी डोळे उघडले.

“तुम्ही स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेताय, एवढं तरी कळतंय ना?”

“कळतंय,” तो म्हणाला.

“आणि कशासाठी? त्या वाहकाने माझी अब्रू काढली म्हणून?”

ते हसत होते, पण प्रश्न खरा होता. उत्तर देताना त्याच्या मनात वाहक नव्हता, ती जिन्यातली मुलगी होती. तो म्हणाला की एका मुलीला मी विचारलं, तुझं गाऱ्हाणं कोण ऐकेल, आणि तिला एवढ्या मोठ्या इमारतीत एक माणूस आठवला नाही. त्या मुलीबद्दल मी ‘तक्रार नाही’ असं लिहून आलो आहे. तेवढं मला खोडायचं आहे. मग अध्यक्षांनी मधला मार्ग काढला, ते आयुष्यभर मधलेच मार्ग काढत आले होते: तक्रारींचा भाग अहवालातून पूर्ण वगळायचा, ना इकडे ना तिकडे, आणि त्याचं वेगळं मत शेवटी जोडायचं. बाईंनी सही केली, पण जाताना त्याला म्हणाल्या की तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. त्याला वाईट वाटलं. बाईंनी आपली तक्रार तोंडावर सांगितली, हे रस्त्यावर आल्यावर त्याच्या लक्षात आलं.

पुढे झालं ते फार मोठं नव्हतं. दोन्ही विद्यापीठं उन्नीस-बीस ठरली, आणि उन्नीस-बीस असताना हालचाल कोण करणार, म्हणून संध्याकाळची शाखा तूर्त आहे तिथेच राहिली. पुढच्या वर्षी पुन्हा पाहू, असं ठरलं. त्याने आपल्या पद्धतीतली उणीव सांगणारा छोटा निबंध लिहून पाठवला आणि त्याच्यावर दोनचार जणांनी तुटून पडून त्याला मूर्खात काढलं. काटा गंजला, असं कोणीतरी म्हटल्याचं त्याच्या कानावर आलं.

घरी मात्र त्याने काही विचारायचं सोडून दिलं होतं. एका सुट्टीच्या दिवशी सकाळी बिल्डरचा माणूस फ्लॅटच्या फरशांचे नमुने देऊन गेला. माणूस गेल्यावर चार चौकोनी तुकडे टेबलावर मांडून तो उभा होता. बायको आली, सवयीने म्हणाली की कुठलीही चालेल, आणि जायला वळली. तो म्हणाला, “तू माझ्याशी भांडायचं कधी सोडलंस?”

ती थांबली. पाठमोरीच होती. “भांडते की. प्रयोगशाळेत भांडते, वरच्या मजल्यावरच्यांशी भांडते, बहिणीशी तर रोज.” मग वळली. “तुझ्याशी सोडलं.”

“का?”

“तू लगेच मिटवायचास म्हणून. मी बोलले की तू कारण शोधायचास, कागद काढायचास, संपलं. मला वाटायचं, हा माझं ऐकत नाहीये, मला निकालात काढतोय.” तिचा आवाज चढला नव्हता. तिने एक फरशी उचलली, उलटी करून पाहिली, परत ठेवली. “मला तिथे जायचं नाही.”

“कुठे?”

“तिथे. त्या फ्लॅटमध्ये. माझी नोकरी अजून तीन वर्षं आहे, माझी माणसं इथे आहेत, आणि मला लेकीच्या दारात म्हातारी व्हायचं नाही.”

का, अंतर जास्त वाटतं का, नोकरीचं काही बघता येईल का, असे प्रश्न त्याच्या जिभेवर रांगेने येऊन उभे राहिले. तिने ते पाहिले असावेत, कारण तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी मिटायला लागलं. आणि तेवढ्यात त्याला राग आला. कुठून आला ते कळलं नाही. फार वर्षं एखाद्या बंद खोलीत राहिल्यासारखा तो राग होता, बाहेर आल्यावर उजेडाने गांगरलेला. मग इतके महिने तोंडात मूग धरून का बसलीस, तो म्हणाला, नकाशे पाहिलेस, पडदे ठरवलेस, मी काय भिंतीशी बोलत होतो? ती म्हणाली, भिंतीला तू निदान एकदा विचारलं असतंस. तो म्हणाला, मला सगळं ठरवायची हौस नाही. ती म्हणाली, आहे. दोघांचेही आवाज चढले. वरच्या मजल्यावर खुर्ची सरकली आणि मग सरकायची थांबली. तो स्वतःला ऐकत होता. मुद्दा सोडून बोलत होता, तिच्या बहिणीला मध्ये आणत होता, अगदी अन्याय्य बोलत होता. आणि कुठल्याशा वाक्याच्या मध्यात, ज्याचा शेवट त्याने भलताच योजला होता, तो म्हणाला, “मला भीती वाटते. निवृत्त झाल्यावर तू सकाळी निघून जाशील आणि मी इथे दिवसभर एकटा असेन.”

हे त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. तिने त्याच्याकडे पाहिलं. पण विरघळली नाही. “मग ते सांगायचंस,” ती म्हणाली, “फ्लॅट कशाला घेतलास?” आणि आत जाऊन तिने दार लावलं, आपटून नव्हे, पण ऐकू येईल असं.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. फरशी कुठली ठरली, तिने विचारलं. तो म्हणाला, काही ठरली नाही, आईचं आणि माझं भांडण झालंय. मग लेकीने जपून, एखाद्याला दुखत असलेल्या जागी हात लावून पाहावा तसं विचारलं, “कोण जिंकलं?” तो म्हणाला की अजून चालू आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको त्याच्याशी बोलली नाही. त्याच्यासमोर चहाचा कप ठेवला, तो जरा जोरात ठेवला गेला आणि थोडा चहा टेबलावर सांडला; तिने तो पुसला नाही. त्यानेही पुसला नाही. ती समोर बसून आपला चहा पीत होती आणि खिडकीकडे बघत होती. त्याच्याकडे बघायचं नाही, हे तिने ठरवलेलं होतं, आणि ते ठरवणं इतकं त्याच्यासाठी होतं की तो हललासुद्धा नाही. आतापर्यंत कितीतरी वर्षं या घरात शांतता होती आणि तिच्यात तो एकटाच राहत होता. आज अबोला होता. अबोल्याला दोघं लागतात.